डोंगरजंगलातल्या मुक्कामासाठी घोड्यांची उंच दावण : तयार हायलाइन संच घ्यावा का, आणि घेताना काय तपासावं

घोडे घेऊन जंगलात मुक्कामी जायचं ठरलं की बहुतेक जण खोगीर, तंबू आणि लादणीच्या पेट्यांवर पैसे खर्च करतात. घोडा रात्री कशाला बांधायचा हा प्रश्न शेवटी उरतो. खरं तर मुक्कामाच्या सहलीत चोवीस तासांपैकी बारा-चौदा तास घोडा बांधलेलाच असतो. त्या वेळात तो नीट खाऊ शकला नाही, आडवा होऊ शकला नाही किंवा बागदोरीत, म्हणजे म्होरकीला लावून बांधायच्या दोरीत, पाय अडकवून बसला, तर दुसऱ्या दिवशी कितीही चांगलं खोगीर असून उपयोग नाही. म्हणून हे परीक्षण बांधण्याच्या साधनाचं आहे. दोन झाडांच्या मध्ये, घोड्याच्या डोक्याच्या वर ताणायची दावण, जिला अमेरिकेत हायलाइन म्हणतात, तिचा तयार संच आम्ही इथे भाग सुटे करून पाहतो आहोत.

हे साधन मूळचं कुठल्या गरजेतून आलं ते आधी सांगायला हवं. मोंटाना राज्यातलं बॉब मार्शल अरण्य १९६४ साली कायद्याने संरक्षित झालं. एकट्याचं क्षेत्र १० लाख एकरांहून जास्त, आणि लगतची स्केपगोट व ग्रेट बेअर ही अरण्यं धरली तर सगळं मिळून सुमारे १५ लाख एकर. आत मोटार चालत नाही, सायकलही चालत नाही. पायी जायचं किंवा घोड्या-खेचरांवर. तिथल्या नियमांनुसार एका गटात जास्तीत जास्त १५ माणसं आणि ३५ जनावरं नेता येतात. इतकी जनावरं रोज वेगवेगळ्या झाडांना थेट बांधली तर दोन-तीन हंगामांत मुक्कामाच्या जागेची काय अवस्था होते, हे तिकडच्या जुन्या तळांवर दिसतं: साल सोललेली, मुळं उघडी पडलेली, झाडं वाळलेली. घोडा कंटाळला की पुढच्या खुराने जमीन उकरतो आणि समोर असेल ती साल कुरतडतो. सालीच्या लगेच खाली असलेल्या पातळ जिवंत थरातून झाडाचा अन्नरस वाहतो. तो थर बुंध्याभोवती पूर्ण कापला गेला की झाड मरतं. म्हणून झाडाला रात्रभर थेट बांधणं तिकडे बहुतेक ठिकाणी नियमात बसत नाही, आणि उंच दावण हा रुळलेला पर्याय झाला. १९७३ साली मोंटानाच्याच फ्लॅटहेड खोऱ्यात सुरू झालेल्या बॅककंट्री हॉर्समेन या घोडेस्वारांच्या संघटनेनेही ही पद्धत शिकवण्यावर भर दिला आहे.

बाजारात मिळणाऱ्या संचात साधारण हे असतं: झाडाभोवती गुंडाळायचे दोन रुंद पट्टे, ४० ते ५० फूट दोर, त्या दोरावर बसवायच्या तीन-चार फिरकीच्या कड्या, आणि एक पिशवी. काही संचांत दोर ताणायला रॅचेट, म्हणजे दात्यांच्या चाकाने आवळायची खटक्याची कळ, किंवा मध्ये बसवायचा रबरी ताणपट्टा दिलेला असतो. १२ मिलिमीटर जाडीच्या दोरासकट सगळ्याचं वजन ३ किलोच्या आसपास भरतं. लादणीचं खेचर सोबत असेल तर हे वजन जाणवत नाही. एकच घोडा असेल आणि सगळं खोगिराच्या मागेच बांधायचं असेल, तर १० मिलिमीटरचा दोर घेऊन अर्धा किलो वाचवता येतं. मात्र मग कड्याही त्याच जाडीच्या हव्यात. त्याचं कारण पुढे येईलच.

आमचा निर्णय आधीच सांगतो. पट्टे आणि फिरकीच्या कड्या विकतच घ्याव्यात, घरी जुळवलेली नक्कल त्यांच्या जवळ येत नाही. दोर कशाचा आहे ते वाचल्याशिवाय घेऊ नये. रॅचेट आणि रबरी ताणपट्टा संचात आलाच तर तो घरी ठेवावा.

पट्ट्यांपासून सुरुवात करू. पट्टा किमान २ इंच रुंद हवा. १ इंचाचे पट्टेही विकले जातात, पण घोड्याने झटका दिला की अरुंद पट्टा सालीत रुततो आणि ज्या कारणासाठी पट्टा घेतला तेच हरवतं. लांबीकडे तर दुकानात कोणाचं लक्षच जात नाही. पट्टा बुंध्यावरून खाली घसरू नये म्हणून त्याला दोन वेढे द्यावे लागतात. १० इंच व्यासाच्या झाडाचा घेर साधारण ३१ इंच, म्हणजे दोन वेढ्यांना सव्वापाच फूट लागतात आणि ६ फुटी पट्टा जेमतेम पुरतो. १८ इंच व्यासाच्या डग्लस फरला दोन वेढ्यांसाठी जवळपास साडेनऊ फूट लागतात. त्यामुळे ६ फुटी पट्ट्यांचा संच लॉजपोल पाइनच्या बारीक झाडांच्या जंगलात चालतो आणि जुन्या, जाड झाडांच्या दरीत गेलात की एकेरी वेढ्यावर भागवावं लागतं. १० फुटांचे पट्टे देणारा संच मिळाला तर तोच घ्या. पट्ट्याच्या दोन्ही टोकांना शिवून बसवलेली पोलादी कडी हवी. शिवण बघा: आडव्या-उभ्या टाक्यांची चौकट आणि त्यात फुली असेल तर ठीक, नुसत्या दोन सरळ ओळी असतील तर ते सामान बांधायचे पट्टे आहेत, घोडे बांधायचे नाहीत.

दोराबद्दल सगळ्यात जास्त घोळ होतो, कारण पाकिटावर अनेकदा नुसतं ‘मजबूत दोर’ लिहिलेलं असतं. तीन प्रकार भेटतात. नायलॉन मजबूत असतं पण ताणलं जातं, आणि ओलं झालं की आणखी सैल पडतं. संध्याकाळी कडक ताणलेली नायलॉनची दावण रात्रीच्या पावसाने किंवा दवाने पहाटेपर्यंत फूटभर खाली येते, त्यासोबत बागदोरी लांब होतात, आणि घोड्याचा पाय दोरीवरून पलीकडे जाण्याचे बहुतेक प्रसंग याच वेळी घडतात. पॉलिप्रोपिलीन, म्हणजे तो हलका, चकचकीत, बहुधा पिवळा दोर, उन्हाने कडक होऊन तुटायला लागतो आणि त्यावर गाठी सरकतात. तो स्वस्त संचांत सापडतो आणि तो घेऊच नये. पॉलिस्टर कमी ताणलं जातं, ओलं झालं तरी जवळपास तसंच राहतं आणि ऊनही सोसतं. दुहेरी विणीचा १२ मिलिमीटर पॉलिस्टर दोर हा या कामासाठी योग्य दोर आहे. पोलादी तार वापरणारे काही जण आहेत. तारेत पाय किंवा बोट सापडलं तर ती कापते आणि अडचणीच्या वेळी चाकूने ती तोडता येत नाही, एवढी दोन कारणं ती टाळायला पुरेशी आहेत.

आता फिरकीच्या कड्या, ज्यांना दुकानात नॉट एलिमिनेटर या नावाने मागावं लागतं. वाकवलेल्या धातूच्या या तुकड्यात दोराचा दुमडलेला भाग घालून वळसा दिला की तो दोरावर जागच्या जागी बसतो, गाठ मारावी लागत नाही, आणि खालच्या फिरत्या कडीला बागदोर बांधता येते. दोन गोष्टी यामुळे साधतात. गाठीमुळे दोराची ताकद तिसऱ्या हिश्श्यापासून निम्म्यापर्यंत घटते, ती घट टळते. आणि घोडा रात्रभर गोल गोल फिरला तरी बागदोर पिळत नाही. फिरकी नसेल तर पिळलेली दोरी पहाटेपर्यंत हळूहळू आखूड होते आणि घोड्याचं डोकं वर ओढलेलं राहतं. कडी घेताना ती किती जाडीच्या दोरासाठी आहे ते पाहा. १२ मिलिमीटरसाठीची कडी १० मिलिमीटरच्या दोरावर लावली तर ती वजनाखाली सरकत सरकत मध्यभागी येते आणि सकाळी तिन्ही घोडे एका जागी गोळा झालेले दिसतात. फिरकी हाताने फिरवून बघा; बोटांनी सहज फिरत नसेल तर घोड्याच्या हालचालीने ती मुळीच फिरणार नाही. जस्ताच्या मिश्रधातूच्या ओतीव, हलक्या कड्या झटक्यात मोडतात. घडीव पोलाद, स्टेनलेस किंवा पितळ-कांसं चालेल.

म्होरकीला लावायचा आकडा संचात बहुधा नसतो, तो बागदोरीसोबत येतो. खटक्याच्या छोट्या आकड्यांचं तोंड सहज उघडतं आणि ते शेजारच्या घोड्याच्या म्होरकीत, वेळप्रसंगी नाकपुडीत किंवा पापणीत अडकतं. जाड दांड्याचा, खोलवर बंद होणारा आकडा घ्या.

कड्या संपल्या किंवा एखादी हरवली तर दोरावरच मधला फास, म्हणजे बटरफ्लाय गाठ, मारता येते. बारीक दोरी दावणीभोवती गुंडाळून मारायचा प्रुसिक वेढाही चालतो. दोन्हींना फिरकी नसल्यामुळे रात्री एकदा उठून दोऱ्या सोडवाव्या लागतात, पण घोडा सुरक्षित राहतो.

पाकिटावर ‘४ घोड्यांसाठी’ असं छापलेलं असतं, ते हिशोबात बसत नाही. दावण साडेसात फुटांवर आणि बागदोर साडेसहा फुटांची धरा. म्होरकीची कडी जमिनीपासून ४ फुटांवर असताना घोडा बांधणीच्या जागेपासून आडवा सुमारे साडेपाच फूट पोहोचतो. शेजारचाही तेवढाच पोहोचतो, म्हणजे दोघांची मिळून पोहोच ११ फूट. दोन कड्यांमध्ये ८ फूट ठेवले की दोऱ्या एकमेकींत गुंतणार हे ठरलेलं आहे. १० ते १२ फूट ठेवायला हवेत. झाडापासून पहिली कडी किमान ८ फूट लांब, नाहीतर घोडा मुळं उकरतो आणि साल गाठतो. तीन घोड्यांना ८ + १० + १० + ८ असे ३६ फूट लागतात, वर ताण देण्याच्या गाठीला ८-१० फूट. ५० फुटांचा दोर म्हणजे तीन घोडे, चार नव्हेत. चार न्यायचे असतील तर ६० फुटांचा दोर मागून घ्या. त्याहून लांब एकच दावण करण्यापेक्षा दोन वेगळ्या दावणी बऱ्या, कारण लांब दोर मधोमध फार झुलतो आणि एका घोड्याच्या झटक्याने बाकी सगळे घाबरतात.

ताणाचा भाग नीट समजून घ्यावा. दोर जितका कडक, तितका चांगला, असा सर्वसाधारण समज आहे आणि तो झाडाला, दोराला आणि घोड्याला तिघांनाही महाग पडतो. ३० फुटांच्या दावणीला कोणी मधोमध ओढलं आणि ती २ फूट खाली आली, तर दोरात ओढीच्या जवळपास ४ पट ताण येतो. तीच दावण इतकी आवळली की तेवढ्याच ओढीने फक्त १ फूट खाली आली, तर ताण साडेसात पट होतो. घाबरलेल्या घोड्याने ३०० किलोंच्या जोराने मागे खेचलं असं धरा: पहिल्या दावणीत दोरावर सुमारे ११५० किलो, दुसरीत सव्वादोन हजार किलो. पट्ट्याची शिवण, कडी आणि बारीक झाडाची मुळं या दुसऱ्या आकड्यासाठी केलेली नसतात. रॅचेट नको म्हणतो ते यासाठीच. हाताला कळतही नाही आणि तो दोर गिटारच्या तारेसारखा आवळून ठेवतो. शिवाय चिखल-धूळ गेली की त्याचा खटका अडतो, आणि ताणाखाली असताना पटकन सोडता येत नाही. रबरी ताणपट्टा तुटला तर धातूचं टोक उलटून चेहऱ्यावर येतं. ट्रकवाले ताडपत्री आवळायला मारतात ती गाठ पुरेशी आहे: हाताच्या जोराने लागेल तेवढाच ताण देते आणि टोक ओढलं की सुटते. बरोबर ताण ओळखायची साधी रीत अशी की एका प्रौढ माणसाने मधोमध दोराला लोंबकळून पाहावं. ३० फुटांच्या अंतरावर दोर दीड ते दोन फूट खाली यावा आणि सोडल्यावर पुन्हा वर जावा.

बांधायचा क्रम असा ठेवावा. जागा पाणी, पायवाट आणि तंबू यांपासून किमान २०० फूट लांब, कोरडी, कठीण आणि सपाट निवडा. झाडं जिवंत आणि किमान ८ इंच व्यासाची हवीत. वर बघा: तांबड्या सुयांची किंवा सुया झडून करडी पडलेली पाइन झाडं बहुधा खोडकिड्याने मेलेली असतात आणि वाऱ्याने पडतात, अडकलेल्या मोठ्या फांद्याही असतात. खालचे टोकदार दगड आणि मोडक्या फांद्या उचला. पट्टे ८ फुटांच्या आसपास दोन वेढ्यांनी लावा. उंची गाठायला ओंडक्यावर उभं राहा किंवा शांत घोड्यावर बसूनच पट्टा लावा. दोराचं एक टोक बोलाइन, म्हणजे न सरकणाऱ्या फासाच्या, गाठीने कडीत बांधा. फिरक्या आता, दोर सैल असतानाच बसवा. ताण दिल्यावर त्या बसत नाहीत आणि हलवताही येत नाहीत. मग दुसऱ्या टोकाने ताण द्या, लोंबकळून पाहा, पुन्हा आवळा. सवय झालेल्याला एकूण १०-१५ मिनिटं लागतात.

बागदोरीची लांबी हे या संपूर्ण साधनातलं सगळ्यात महत्त्वाचं माप आहे, आणि पाकिटातल्या सूचनापत्रात त्याला बहुधा एक ओळ असते. घोडा सोडून आकडा मोकळा लोंबू द्या: तो जमिनीपासून फूटभर वर राहिला पाहिजे. इतक्या लांबीवर घोड्याचं तोंड जमिनीला टेकतं, कारण म्होरकीची खालची कडी त्या वेळी जमिनीपासून तेवढ्याच उंचीवर असते. तो खाली पडलेलं गवत खाऊ शकतो, आणि पोटावर बसून पुढे आडवाही होऊ शकतो. याहून आखूड केली तर घोडा रात्रभर उभा राहतो. घोडा उभ्याने डुलकी घेतो हे खरं, पण गाढ झोपेसाठी त्याला आडवं व्हावं लागतं; दिवसाकाठी अर्धा ते एक तास एवढीच ती गरज असते, तरी ती सलग काही रात्री मिळाली नाही तर घोडा चालताना पेंगतो, अडखळतो. याहून लांब सोडली तर दोरीचा झोळ जमिनीवर पडतो आणि पुढचा पाय त्यावरून जातो. माप घेताना दुसऱ्याला दावण थोडी खाली ओढायला सांगा, म्हणजे झोळ पडल्यावरची खरी लांबी दिसते. बागदोर कडीला ओढली की सुटणाऱ्या गाठीनेच बांधा, आणि गाठीचं मोकळं टोक घोड्याच्या ओठांपासून दूर ठेवा. कित्येक घोडे ते ओढायला शिकतात. खिशात धारदार चाकू असावा.

शेजार कोणाचा हे दावणीवर ठरवून लावायचं असतं. कळपातला वरचढ घोडा टोकाला, त्याच्या शेजारी त्याचा सोबती, आणि लाथ मारणारी घोडी दुसऱ्या टोकाला. नवीन जनावर मधोमध बांधू नका. दावणीची सवय घरीच लावावी: पागेजवळच्या दोन खांबांना दावण ताणून आधी तासभर, मग अर्धा दिवस, मग एक पूर्ण रात्र. ज्या घोड्याने घरी एक रात्र शांत काढलेली नाही त्याला जंगलात पहिल्यांदा बांधणं म्हणजे त्याच्यावर अन्याय आहे.

दावणीवर खाणं-पाणी कसं द्यायचं हेही संचाच्या उपयोगाचा भाग आहे. ४५० किलोंच्या घोड्याला दिवसाला वजनाच्या दीड ते दोन टक्के, म्हणजे सात ते नऊ किलो वैरण लागते. पाणी थंड हवेत आणि हलक्या कामात २५ लिटर, चढाच्या दिवशी ४० च्या वर. पाणी दावणीवर ठेवू नका. बादली पाय लागून सांडते आणि तिची कडी पायात अडकते. सकाळ-संध्याकाळ ओढ्यावर नेऊन पाजा. चंदी, म्हणजे दाण्याचा खुराक, तोबऱ्यात द्या आणि खाऊन झालं की तोबरा लगेच काढा. गवताची जाळी वापरत असाल तर ती रिकामी झाल्यावर किती खाली लोंबते त्यावरून उंची ठरवा, भरलेली असताना नव्हे. मोंटानातल्या राष्ट्रीय वनांत तणमुक्त म्हणून प्रमाणित केलेली वैरणच नेता येते, कारण लिदेतून तणाचं बी आतल्या कुरणांत पसरतं. आणि अस्वलांच्या प्रदेशात गोड चंदीचा वास माणसांच्या जेवणाइतकाच ओढ लावणारा असतो: ती जमिनीपासून १० फूट वर आणि खोडापासून ४ फूट दूर टांगावी, किंवा अस्वलाला न उघडणाऱ्या पेटीत ठेवावी. घोड्यांच्या दावणीला चंदीची पिशवी टांगणं ही फार धोक्याची सोय आहे.

इतर पर्यायांशी थोडक्यात तुलना. पायबंद चरायला बरे, पण पुष्कळ घोडे पुढचे दोन पाय एकदम उचलून पायबंदासकट पळायला शिकतात, आणि रात्री ते मैलभर दूर सापडतात. मेखेला एका पुढच्या पायाने लांब दोर बांधला तर घोडा चरतो, पण त्यासाठी मोकळं, खुंटांशिवायचं मैदान हवं आणि जागा दर काही तासांनी बदलावी लागते. बॅटरीवरची विजेच्या कुंपणाची फीत कुरण असलेल्या तळावर छान काम करते. घोड्याला ती आधी घरी कळलेली हवी, आणि हरणं किंवा एल्क रात्री ती तोडून गेले तर सकाळी घोडे नसतात. जाणती माणसं दिवसा चरायला सोडताना यांपैकी काहीतरी वापरतात आणि रात्री दावणच बांधतात. चरायला सोडतानाही एक घोडा दावणीवर राहू द्यायचा. कळप त्याला सोडून फार दूर जात नाही, आणि गेलाच तर शोधायला एक वाहन उरतं.

महाराष्ट्रात ही दावण चालेल का? आपल्याकडे घोडा मोकळ्या मैदानात मेखांवर, अगाडी-पछाडी (पुढून आणि मागून दोऱ्या) लावून बांधण्याची जुनी रीत आहे, आणि माळावर ती उत्तमच आहे. सह्याद्रीतल्या दगडी, मुळांनी भरलेल्या जंगलात मेख बसत नाही. तिथे उंच दावणीचा उपयोग आहे, अर्थात वनखात्याची परवानगी जिथे मिळते तिथेच. भीमथडी घोडी उंचीने लहान असल्यामुळे दावण साडेसहा फुटांवर पुरते आणि बागदोर त्याच हिशोबाने आखूड होते. तयार पट्टे सरस असले तरी आयात संच घेण्यापेक्षा इथे भाग जुळवणं सोपं पडतं: ट्रकवर माल आवळायचे ५० मिलिमीटर रुंदीचे पॉलिस्टर पट्टे, फक्त त्यांचं रॅचेट काढून टाकून, टोकांना वर सांगितलेल्या चौकट-फुलीच्या टाक्यांनी शिवून घेतलेल्या जाड कड्या. दोर मात्र शेतीमालाच्या दुकानातला पिवळा नको. जिथे बोटींचं किंवा गिर्यारोहणाचं सामान मिळतं तिथून पॉलिस्टरचा आणा. फिरकी घडीव असावी. झाडं निवडताना पांगारा, शेवगा, काटेसावर टाळा. आंब्या-जांभळावर तांबड्या हुमल्यांची, म्हणजे चावऱ्या मुंग्यांची, पानांची घरटी आहेत का बघा, आणि आजूबाजूच्या उंच झाडांवर किंवा कड्यावर आग्या मोहोळ असेल तर ती जागाच सोडा. बांधलेल्या घोड्यावर मोहोळ उठलं तर त्याला पळायला वाट नसते.

निघताना दावण सोडून झाली की खुरांनी पाडलेले खड्डे पायाने बुजवायचे, लीद लाथाडून पसरायची म्हणजे ती लवकर वाळते आणि माश्या कमी होतात, आणि बाजूला सारलेल्या सुया-पालापाचोळा परत ओढायचा. एका जागी दोन रात्रींपेक्षा जास्त राहायचं असेल तर दावण दुसऱ्या जोडीच्या झाडांवर हलवा. पट्टे असले तरी जमीन खुरांखाली दबतेच.

संच घरी आल्यावर पट्टे आणि दोर साध्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवा. झाडांचा चीक लागलेला असतो, तो तसाच राहिला तर शिवणीत धूळ धरून टाके कापतो. दोर हातातून हळूहळू सरकवत पाहा: एखादी जागा कडक, चपटी किंवा वितळल्यासारखी चकचकीत लागली, तर तिथे कडी सरकून दोर घासला गेला आहे, तो भाग टोकाजवळ असेल तर कापून टाका, मधोमध असेल तर दोर बदला. फिरकीत वाळू गेली असेल तर ती झटकून तेलाचा एक थेंब पुरतो. पुढच्या खेपेला जादा एक फिरकी आणि १५ फूट सुटा दोर पिशवीत टाकून ठेवा. कडी हरवते ती नेहमी अंधारात, सुयांच्या थरात.